रविवारी सकाळी साडेदहाला ‘हाय नून’: सांगलीतल्या खेळाची तयारी

‘हाय नून’ हा १९५२ चा वेस्टर्न फिल्म क्लबात संध्याकाळी दाखवू नये, रविवारी सकाळी दाखवावा, असं माझं ठाम मत आहे. चित्रपटातली सकाळही रविवारचीच आहे. चर्चमध्ये प्रार्थना चालू आहे, आणि साडेदहाच्या सुमारास हॅडलीव्हिल गावचा मार्शल विल केन लग्न लावून, बिल्ला उतरवून गाव सोडायच्या तयारीत आहे. तेवढ्यात तार येते. त्यानंच पकडून दिलेला फ्रँक मिलर सुटलाय आणि बाराच्या गाडीनं येतोय. मिलरचे तीन साथीदार आधीच स्टेशनवर येऊन बसलेत. तिथून पुढे केन दारोदार माणसं मागत फिरतो आणि भिंतीवरची घड्याळं पुढे सरकत राहतात.

चित्रपट ८५ मिनिटांचा, आणि गोष्टही जवळपास तेवढ्याच वेळात घडते. मिनिटाला मिनिट हिशोब जुळत नाही. पडद्यावरचं घड्याळ आपल्या मनगटावरच्यापेक्षा थोडं जलद पळतं, कारण बारानंतरची चकमकही याच ८५ मिनिटांत बसवायची आहे. पण बघताना ते कळत नाही, आणि दिग्दर्शक फ्रेड झिनेमनचं सगळं कसब तिथेच आहे. म्हणून तयारीतला प्रत्येक निर्णय घेताना एकच गोष्ट बघायची: पडद्यावरच्या या वेळेला कुठे धक्का लागतोय का?

पहिला धक्का मध्यंतराचा. आपल्याकडे चित्रपट म्हटला की मध्यंतर आलंच, आणि चहावाला पंचेचाळीस मिनिटांनी किटली घेऊन दारात उभा राहतो. त्याला आधीच सांगून ठेवा की चहा बारानंतर. भडंगही तेव्हाच. सांगलीत भडंगाशिवाय कार्यक्रम होत नाही हे खरं, पण कागदी पुड्यांची कुरकुर या चित्रपटातल्या शांततेत शेवटच्या रांगेपर्यंत ऐकू जाते. खेळ वेळेवर सुरू करायला मात्र सांगलीत वेगळं काही शिकवावं लागत नाही. विष्णुदास भाव्यांनी १८४३ मध्ये मराठी नाटकाचा पहिला खेळ केला तो याच गावात, आणि तिसरी घंटा म्हणजे काय हे इथल्या प्रेक्षकाला ठाऊक आहे. दहा पंचवीसला तिसरी घंटा द्या आणि दार लावून घ्या. उशिरा येणाऱ्यानं नावं पडत असताना आत यावं, त्यानंतर नाही, कारण सुरुवातीच्या गाण्यातच तिघे बंदूकवाले एकत्र जमतात आणि ते पाहिलं नाही तर पुढची भीती अर्धी होते. हॉलमधलं भिंतीवरचं घड्याळ काढून ठेवा. टिकटिक करणारं असेल तर नक्कीच.

सकाळच्या खेळाची खरी अडचण उजेडाची. आपल्याकडे हॉल मिळतो तो वाचनालयाचा, शाळेचा नाहीतर कार्यालयाचा, आणि सगळ्यांना वरती झरोके असतात. खिडक्या लोक झाकतात, झरोके विसरतात. काळं जाड कापड दुहेरी करून लावा. एकेरी कापडातून पूर्वेचं ऊन आरपार दिसतं. कापड चौकटीच्या बाहेर चारी बाजूंना किमान सहा इंच गेलं पाहिजे, नाहीतर कडेनं उजेडाची रेघ पडते. सगळं लावून झालं की दिवे बंद करून पाच मिनिटं आत उभं राहा. डोळे सरावले की गळती कुठे आहे ते आपोआप दिसतं. ही तपासणी आदल्या दिवशी सकाळी साडेदहालाच करायची. संध्याकाळी केलेल्या तपासणीचा उपयोग शून्य. दाराला दोन पडदे लावा, मध्ये चार फुटांचं अंतर ठेवून, म्हणजे कुणी बाहेर गेलं तरी पांढरा झोत पडद्यावर येत नाही.

उजेडावर उपाय म्हणून जास्त लुमेनचा (लुमेन म्हणजे प्रोजेक्टरच्या उजेडाचं माप) प्रोजेक्टर भाड्यानं आणायचा मोह होतो. गणित मांडून बघा. १० फूट रुंदीचा १६:९ पडदा म्हणजे साधारण ५६ चौरस फूट. चित्रपटगृहात पांढऱ्याची तेजस्विता १४ फूट-लॅम्बर्ट धरतात, म्हणजे साध्या पडद्यावर दर चौरस फुटाला १४ लुमेन. त्या हिशोबानं साध्या पांढऱ्या पडद्याला पुऱ्या अंधारात ८०० लुमेनच्या आतबाहेर पुरतात. खोक्यावर ३,००० लिहिलेला प्रोजेक्टर सिनेमा मोडमध्ये, जुन्या दिव्यावर, यापेक्षा बराच जास्त देतो. कमी पडतो तो काळा रंग. बाहेरचा उजेड पडद्यावर आला की काळ्याचा राखाडी होतो, आणि तो राखाडी कुठलाही प्रोजेक्टर पुसू शकत नाही. त्यामुळे पैसे कापडावर घाला.

आता चौकट. हा चित्रपट १.३७:१ प्रमाणातला आहे, जवळपास जुन्या टीव्हीसारखा. १६:९ प्रोजेक्टरवर तो दाखवताना दोन्ही बाजूंना रिकामे पट्टे राहतात. पडदा १२० इंच रुंद आणि साडेसदुसष्ट इंच उंच असेल तर चित्र साधारण साडेब्याण्णव इंच रुंद येतं, आणि प्रत्येक बाजूला सुमारे १४ इंच उरतात. तेवढ्या रुंदीच्या काळ्या कापडाच्या पट्ट्या पडद्यावर चिमट्यांनी लावा. दोन मिनिटांचं काम आहे, पण चित्राला कड येते आणि काळे अधिक काळे वाटतात. हॉलमधला कुणीतरी उत्साही माणूस रिमोट घेऊन चित्र ‘फुल’ करायला येतोच. ताणलं तर केन झालेल्या गॅरी कूपरचा उभट चेहरा पसरट होतो. झूम केलं तर टोपी आणि हनुवटी कापली जाते. रिमोट एकाच माणसाकडे ठेवा.

प्रोजेक्टरचा थ्रो रेशो, म्हणजे पडद्यापासूनचं अंतर भागिले चित्राची रुंदी, १.५ असेल तर १० फूट रुंदीसाठी तो १५ फुटांवर येतो, म्हणजे प्रेक्षकांच्या अगदी मध्ये. टेबलावर ठेवून वर तिरका करू नका आणि तिरकं चित्र चौकोनी करणारी किस्टोन दुरुस्तीही वापरू नका. त्यात चित्राची बारीक धार जाते. भक्कम उंच स्टँडवर पडद्याच्या मध्यरेषेत ठेवा. सपाट फरशीच्या हॉलमध्ये चित्राची खालची कड जमिनीपासून सव्वाचार फुटांवर हवी, नाहीतर मागच्या रांगांना सबटायटलच्या जागी पुढच्यांची डोकी दिसतात.

चित्राच्या सेटिंगमध्ये या चित्रपटाला एक खास धोका आहे. छायालेखक फ्लॉइड क्रॉस्बीनं आभाळ मुद्दाम फिकट, जवळपास पांढरं ठेवलंय. त्या काळच्या वेस्टर्नमध्ये फिल्टर लावून आभाळ गडद करत, ढग उठून दिसत. इथे ते काही नाही. अमेरिकी यादवी युद्धाच्या काळातल्या जुन्या छायाचित्रांसारखं रूप झिनेमन आणि क्रॉस्बीला हवं होतं. काळ्या कोटातला केन त्या पांढऱ्या, कोरड्या गावात एकटा दिसतो. प्रोजेक्टर चालवणाऱ्याला वाटतं चित्र फिकं पडलंय, आणि तो कॉन्ट्रास्ट वाढवतो किंवा ‘डायनॅमिक’ मोड लावतो. मग चेहरे भाजल्यासारखे होतात आणि कूपरच्या चेहऱ्यावरच्या सुरकुत्या जातात. त्याचं वय तेव्हा पन्नाशीचं होतं, आणि तो थकलेला चेहरा म्हणजे अर्धा चित्रपट आहे. सिनेमा मोड ठेवा, शार्पनेस कमी करा, हालचाल गुळगुळीत करणारी सोय बंद करा. लॅपटॉपचं आउटपुट २४ हर्ट्झवर जात असेल तर तेच ठेवा.

याच पांढऱ्या आभाळामुळे पांढरी सबटायटल अदृश्य होतात. मराठी सबटायटल फिकट पिवळ्या रंगात, काळ्या जाड कडेसह ठेवा. फाइल यूटीएफ-८ (देवनागरी अक्षरं नीट साठवणारी पद्धत) मध्ये साठवा आणि फाँट स्वतः निवडा, नाहीतर काही प्लेअर जोडाक्षरं फोडून दाखवतात. एका वेळी दोनच ओळी. ओळीत ३५ ते ४० अक्षरं. देवनागरीला वर मात्रा आणि खाली उकार असतात, म्हणून दोन ओळींमधलं अंतर रोमनपेक्षा जास्त लागतं. सगळ्यात जास्त वेळा बिघडतं ते फ्रेमच्या वेगामुळे. सबटायटल २५ फ्रेमच्या प्रतीसाठी केलेली आणि चित्रपट २३.९७६ चा असेल तर दर मिनिटाला सुमारे अडीच सेकंदांचा फरक साठत जातो, आणि शेवटी तो साडेतीन मिनिटांवर पोचतो. प्लेअरमध्ये सेकंद पुढेमागे करून हे सुटत नाही, कारण दहा मिनिटांनी ते परत बिघडतं. ‘सबटायटल एडिट’ या प्रोग्रॅममध्ये फ्रेमरेट बदलून घ्यायचा, मग सुरुवातीचा, मधला आणि शेवटचा असे तीन संवाद तपासायचे. केन आणि गावातली दुकानाची मालकीण हेलन रामिरेझ यांच्यात स्पॅनिशमध्ये दोन वाक्यं होतात, तिथे मात्र मराठी ओळ घालू नका. मूळ प्रेक्षकालाही ती आयती समजावून दिलेली नव्हती, आणि दोघांचं जुनं नातं त्या न कळण्यातूनच कळतं.

आवाजाचं थोडक्यात. ध्वनी मोनो आहे, म्हणून हॉलच्या दोन कोपऱ्यांत दोन स्पीकर लावण्यापेक्षा पडद्याखाली मध्यभागी एकच चांगला १२ इंची स्पीकर लावा. ब्लूटूथ नको, वायरच. ब्लूटूथनं आवाज ओठांच्या मागे पडतो. गुणगुण येत असेल तर लॅपटॉपचा चार्जर आणि स्पीकर एकाच बोर्डावर घ्या. फरशीच्या हॉलमध्ये घुमारा येतो, त्यासाठी मागच्या भिंतीला पडदे आणि पुढे सतरंज्या. आवाजाची पातळी चर्चमधल्या प्रसंगावर लावा, कारण तिथे जवळून-लांबून बरेच लोक बोलतात. गोळीबारावर लावली तर संवाद बुडतात. हॉल भरला की आवाज थोडा शोषला जातो, तेव्हा रिकाम्या हॉलपेक्षा किंचित चढा ठेवा. पंखे सगळ्यात कमी वेगावर, म्हणूनच हा खेळ नोव्हेंबर ते फेब्रुवारीत घ्यावा. उन्हाळ्यात पंखे लागतात आणि पावसाळ्यात पत्र्यावर पाऊस वाजतो. त्यातही तारीख ठरवताना कॅलेंडरमध्ये लग्नाचे मुहूर्त बघा. हॉलच्या रस्त्यावर कार्यालय असेल आणि त्या रविवारी मुहूर्त असेल तर अकराच्या सुमारास बँड आलाच समजा.

विजेसाठी १ केव्हीएचा यूपीएस पुरतो. त्यावर फक्त प्रोजेक्टर घ्यायचा, स्पीकर नाही. दिव्याच्या प्रोजेक्टरची वीज अचानक गेली तर आतला पंखा थांबतो आणि तापलेला दिवा खराब होतो. यूपीएसमुळे तो नीट बंद करायला वेळ मिळतो. वीज आल्यावर दिवा निवू द्या, आणि जिथे थांबलं तिथून नव्हे तर त्या प्रसंगाच्या सुरुवातीपासून पुन्हा लावा.

परवानगीचा विषय टाळू नये. हौशी मंडळानं विनातिकीट प्रेक्षकांपुढे नाटक किंवा संगीत सादर केलं तर कॉपीराइट कायद्याच्या कलम ५२ मध्ये सूट आहे, आणि नाटकवाल्या गावात लोक तीच सूट चित्रपटालाही लावतात. ती लागत नाही. चित्रपटाच्या हक्काची मुदत भारतात प्रदर्शनानंतरच्या वर्षापासून ६० वर्षं आहे, त्या हिशोबानं १९५२ चा चित्रपट २०१२ अखेर मोकळा होतो. पण संगीताचा हक्क संगीतकाराच्या मृत्यूनंतर ६० वर्षं चालतो, आणि या चित्रपटाचे संगीतकार दिमित्री टिओम्किन १९७९ मध्ये वारले. घरगुती डिस्क आणि ओटीटीची वर्गणी खासगी बघण्यापुरती असते. शिवाय जाहीर खेळाला सेन्सॉरचं प्रमाणपत्र लागतं. म्हणून लेखी परवानगी घ्यावी आणि फिल्म सोसायटी म्हणून नोंदणी करून फेडरेशनचं सभासद व्हावं; फेडरेशन ऑफ फिल्म सोसायटीज १९५९ पासून हेच काम करते आहे. ओटीटीवरून दाखवायचा प्रयत्न करणाऱ्यांचा पडदा ऐनवेळी काळा पडतो तो संरक्षित सिग्नल स्वस्तातल्या स्प्लिटरमधून जात नाही म्हणून. तो रस्ताच सोडा.

चर्चेला किमान पाऊण तास ठेवा. इथेच बहुतेक क्लब घाई करतात. चित्रपटाआधी प्रास्ताविक दोन मिनिटांचं, फक्त साल, दिग्दर्शक आणि मध्यंतर नाही ही सूचना. पटकथाकार कार्ल फोरमनची गोष्ट आधी अजिबात सांगू नका. ती सांगितली की लोक चित्रपट बघायचं सोडून कोडं सोडवायला लागतात.

दोन सभासदांना मात्र आधीच काम द्या. मागच्या रांगेत, लाल जिलेटीन लावलेल्या छोट्या टॉर्चच्या उजेडात त्यांनी प्रत्येक घड्याळाची नोंद करायची: पडद्यावरची वेळ, चित्रपट सुरू झाल्यापासूनचं मिनिट आणि जागा. चर्चेच्या सुरुवातीला तो तक्ता फळ्यावर मांडला की वेळ कुठे आवळली आणि कुठे सैल सोडली हे सगळ्यांना एकदम दिसतं. मग बाराच्या आधीचा तुकडा पुन्हा लावा. लंबक, केन मृत्युपत्र लिहितोय, स्टेशनवरचे तिघे, चर्च, दारूचा गुत्ता, मिलरला शिक्षा सुनावली गेली ती रिकामी खुर्ची, आणि मग गाडीची शिटी. टिओम्किनचं संगीत लंबकाच्या ठोक्यावर बांधलंय आणि चित्र त्यावर कापलंय. संकलनाचा ऑस्कर याला का मिळाला हे एकदा आवाज बंद करून आणि एकदा आवाजासह दाखवलं की सांगावं लागत नाही.

‘चित्रपट कसा वाटला’ हा प्रश्न विचारू नका. त्याचं उत्तर ‘छान’ येतं आणि चर्चा संपते. त्याऐवजी प्रेक्षकांचे गट करा आणि प्रत्येक गटाला नकार देणारा एकेक माणूस द्या. न्यायाधीश तराजू आणि झेंडा गुंडाळून निघून जातो. केनचा हाताखालचा माणूस हार्व्ही, त्याला मार्शलची जागा हवी होती. सॅम फुलर घरात लपतो आणि बायकोला खोटं बोलायला लावतो. म्हातारा माजी मार्शल हाऊ सांधेदुखीचे हात दाखवतो. हर्ब स्वतःहून मदतीला येतो, पण बाकी कुणी आलं नाही हे कळल्यावर बायकापोरांचं नाव घेऊन मागे फिरतो. गटानं त्या माणसाच्या बाजूनं बोलायचं, त्याच्यावर टीका नाही. हर्बचा गट सगळ्यात अडचणीत येतो, कारण त्याचं म्हणणं खोडणं अवघड आहे. हॅडलीव्हिलच्या लोकांना भेकड म्हणून मोकळं होणाऱ्यांनी हा चित्रपट नीट पाहिला नाही असं मला वाटतं. तिथे प्रत्येकाकडे कारण आहे, आणि सुटं सुटं घेतलं तर ते पटण्यासारखं आहे.

चर्चमधली सभा स्वतंत्र घ्या. ज्यानं कधी ग्रामसभा किंवा सोसायटीची वार्षिक सभा पाहिलीय त्याला इथलं बरंच ओळखीचं वाटेल. मुलांना आधी बाहेर पाठवतात. बाजूनं बोलणारे आहेत, विरोधातले आहेत, आणि मूळ मुद्दा सोडून भलत्याच तक्रारी काढणारेही आहेत. शेवटी मेयर हेंडरसन उठतो, केनची मनापासून स्तुती करतो, आणि त्याच भाषणात गावात येऊ घातलेल्या पैशाचा विषय काढून त्याला निघून जायला सांगतो. ते भाषण पुन्हा लावा आणि स्तुती नेमकी कुठल्या वाक्याला वळते ते प्रेक्षकांना हात वर करून सांगू द्या. हात एका वेळी वर होत नाहीत, आणि तिथून बोलणं आपोआप सुरू होतं.

हॉलमध्ये कुणीतरी ‘शोले’चं नाव काढेलच. काढू द्या. रामगढचे लोकही अहमदच्या मृत्यूनंतर कचरतात, पण तिथे इमामसाहेबांचं बोलणं गावाला परत उभं करतं. हॅडलीव्हिलमध्ये तसा माणूस नाही. एवढं बोलून झालं की परत मूळ चित्रपटावर या, नाहीतर उरलेला वेळ गब्बरच्या संवादात जातो.

बायकांबद्दल बोलायला मुद्दाम वेळ ठेवा. गावाचं खरं रूप सगळ्यात आधी ओळखते ती हेलन. ती दुकान विकून टाकते आणि गाडीत बसते. केटी हुराडोला या भूमिकेसाठी गोल्डन ग्लोब मिळाला होता. केनची नवी बायको एमी क्वेकर, म्हणजे अहिंसा मानणाऱ्या ख्रिस्ती पंथातली आहे; वडील आणि भाऊ गोळीला बळी पडल्यावर तिनं हिंसा नाकारलीय, आणि तीच शेवटी एकाला पाठीमागून गोळी घालते. हा तिचा पराभव की निवड, यावर सभागृह हमखास दुभंगतं. ते तसंच राहू द्या, सूत्रधारानं निकाल देऊ नये.

फोरमनचा विषय शेवटच्या पंधरा मिनिटांत. चित्रीकरण चालू असतानाच, सप्टेंबर १९५१ मध्ये, त्याला कम्युनिस्टांचा शोध घेणाऱ्या अमेरिकी प्रतिनिधिगृहाच्या समितीपुढे जावं लागलं. कम्युनिस्ट सहकाऱ्यांची नावं सांगायला त्यानं नकार दिला, हॉलिवूडमध्ये काम न देण्याच्या काळ्या यादीत गेला आणि देश सोडून इंग्लंडला गेला. वेस्टर्नचा मोठा नट जॉन वेनला हा चित्रपट अमेरिकाविरोधी वाटला. तरी १९५३ मध्ये कूपरचा ऑस्कर त्याच्या गैरहजेरीत वेननंच स्वीकारला. पुढे १९७१ च्या मुलाखतीत वेन म्हणाला की शेवटी कूपर बिल्ला पायाखाली तुडवतो. हे सांगून झाल्यावर शेवटचा तुकडा लावा. केन बिल्ला काढतो, धुळीत टाकतो, घोडागाडीत बसतो आणि एक शब्द न बोलता निघून जातो. पाय पडत नाही. आपण काय पाहिलं आणि काय आठवतं यावरची याहून चांगली चर्चा सूत्रधाराला घडवून आणता येणार नाही.

पुढच्या महिन्याचा चित्रपट अर्थातच ‘रिओ ब्राव्हो’ हवा. त्याचा दिग्दर्शक हॉवर्ड हॉक्सला मदतीसाठी दारोदार फिरणारा मार्शल पटला नव्हता, आणि १९५९ मध्ये त्यानं वेनला घेऊन त्याचं उत्तर दिलं. तो १४१ मिनिटांचा आहे, रंगीत आहे, सुरुवातीची जवळपास चार मिनिटं संवादाशिवाय जातात. हा संध्याकाळी घ्या, दहा मिनिटांचं मध्यंतर द्या आणि भडंग तेव्हा वाटा. चौकट १.८५ ची असल्यानं बाजूच्या काळ्या पट्ट्या काढायच्या; वरखाली जेमतेम सव्वा-सव्वा इंच रिकामं राहतं, त्याला कापड लावायची गरज नाही.